पाठीतली उपाशी गादी

दोस्तांनो, एक गंमत करून पाहा. उद्या सकाळी उठल्या उठल्या भिंतीला टाच टेकवून ताठ उभे राहा आणि ताईला डोक्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलीनं खूण करायला सांगा. रात्री झोपण्याआधी पुन्हा तेच करा. रात्रीची खूण साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली येईल! ताईचा हात हलला, असं म्हणू नका हं. इंग्लंडमधल्या वास नावाच्या पाद्रीबुवांनी सकाळ-रात्रीच्या उंचीतला हा फरक १७२४ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात कळवला होता.

मग उंची जाते कुठं? कण्यातल्या मणक्यांच्या मधे गाद्या असतात, एकूण २३. आजोबांची ‘गादी सरकली’ म्हणतात ना, ती हीच. तिच्या मधोमध मऊ गर असतो. त्याभोवती चिवट धाग्यांचे पंधरा-पंचवीस थर, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. एका थरातले धागे उजवीकडे तिरके, तर पुढच्यातले डावीकडे. वर-खाली, मणक्याला लागून, कूर्चेचं जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं झाकण.

गरात पाणी ओढून धरणारे मोठाले रेणू असतात. फालुद्यातला सब्जा कसा फुगतो, तसा तो गर फुगलेला असतो. तुमच्या वयात त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच! दिवसभर वजनानं थोडं पाणी बाहेर दाबलं जातं, रात्री आडवं झालं की परत आत येतं. अंतराळात तर वजनच जाणवत नाही. जपानी अंतराळवीर नोरिशिगे कानाई यांनी जानेवारी २०१८ मध्ये तिथून कळवलं, की आपण ९ सेंटिमीटर वाढलो, आता परतीच्या यानाच्या खुर्चीत मावतो की नाही! कप्तानाला शंका आली, पुन्हा मोजलं, तर वाढ निघाली २ सेंटिमीटर. बिचाऱ्यांनी माफी मागितली.

पण खरं नवल पुढंच आहे. ही गादी जिवंत असते. तिच्यात पेशी असतात आणि त्यांना जेवण लागतं. रक्तवाहिन्या मात्र फक्त बाहेरच्या काही थरांत. मधल्या पेशीपासून सगळ्यात जवळची केशवाहिनी ७-८ मिलिमीटरवर! एवढंसंच अंतर, असं वाटेल. पण पेशीच्या मानानं तो मोठा प्रवास आहे. आत वाहिनी असून तरी काय उपयोग? आपण उभे असताना गादीतला दाब हवेच्या दाबाच्या पाचपट होतो. नाजूक वाहिनी चेपूनच जायची.

म्हणून मणक्यातल्या केशवाहिन्या झाकणापर्यंत येऊन थांबतात आणि तिथून ग्लुकोज आणि प्राणवायू झिरपत आत जातात. न ढवळलेल्या पाण्यात साखर पसरते ना, तसे. अंतर दुप्पट झालं, की वेळ चौपट लागतो. तयार झालेलं आम्लही त्याच वाटेनं बाहेर. मधल्या पेशी प्राणवायू फार कमी असला तरी तग धरतात, पण ग्लुकोज संपलं की मरतात.

गादी स्पंजासारखी दाबली-सोडली जाते आणि त्यातून अन्न शोषते, असं पुष्कळदा सांगतात. ते अर्धंच खरं. पाण्याच्या ये-जा करण्यानं मोठ्या रेणूंना मदत होते. ग्लुकोजसारखे चिमुकले रेणू मात्र मुख्यतः आपले आपणच पसरतात.

गंमत अशी, की वजन पेलायला गर आणि झाकण दाट हवं आणि दाट झालं की वाट अडते. जन्माच्या वेळी झाकणात थोड्या रक्तवाहिन्या असतात, पण बालपणीच त्या नाहीशा होत जातात. पुढं काहींचं झाकण कडकही होतं. पेशी मरतात, पाणी धरणारे नवे रेणू बनत नाहीत, गर सुकतो, थरांना चिरा पडतात. या झिजेच्या अगदी पहिल्या खुणा ११ ते १६ वर्षांच्या मुलांच्या गाद्यांतही सापडल्या आहेत. घाबरू नका, त्यानं लगेच पाठ दुखत नाही. पण एकदा फाटलेली गादी भरून यायला फार वेळ लागतो, कारण दुरुस्ती करणाऱ्या पेशी मोजक्या आणि त्याही अर्धपोटी.

आता शास्त्रज्ञ सुईनं नव्या पेशी आत सोडून पाहत आहेत. अडचण ओळखलीत का? डबा तेवढाच, वाटही तीच, आणि जेवणारी तोंडं वाढली.