अडथळा कशास म्हणावें?

सरकारी नोकराच्या कामांत अडथळा आणणें हा गुन्हा आहे, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु हा गुन्हा आपल्याही हातून घडूं शकतो, असें त्यांपैकीं फारच थोड्यांस वाटत असेल. अडथळा म्हटला कीं शिपायाच्या गळपट्टीस हात घालणारा गुंड किंवा बंबावर दगड फेंकणारा जमाव आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. पेढीवर बसणारा व्यापारी, कचेरींत जाणारा कारकून, स्वतःच्या मोटारींतून फिरणारा वकील यांचा त्या चित्राशीं कांहीं संबंध नाहीं, अशी आपली समजूत. उलटपक्षीं, ज्यांच्या हातीं हा कायदा दिला आहे त्यांपैकीं कित्येकांस नुसता प्रश्न विचारणारा नागरिकही अडथळा आणणारा वाटतो. आमच्या मतें या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोहोंचें मूळ एकच आहे. अडथळा कशास म्हणावें, याचा शांतपणें विचार कोणी केलेला नाहीं.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १८६० च्या दंड संहितेच्या १८६ व्या कलमांत, सार्वजनिक कर्तव्य बजावीत असलेल्या सरकारी नोकरास स्वेच्छेनें अडथळा करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांचशें रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली होती. त्या काळीं पांचशें रुपये ही मोठी रक्कम होती. पण तो आंकडा दीडशें वर्षांहून अधिक काळ जसाच्या तसा राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली. तिच्या २२१ व्या कलमांत कैदेची मुदत तीच ठेवून दंड अडीच हजारांपर्यंत वाढविला आहे. अंगावर हात टाकणें हा याहून निराळा व अधिक गंभीर गुन्हा होय. त्यासाठीं पूर्वीचें ३५३ वें व आतांचें १३२ वें कलम आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडचण करून ठेवणाऱ्यास २८५ व्या कलमाखालीं पांच हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. शिवाय मोटर वाहन कायद्यांत २०१९ सालीं १९४-ई हें कलम घालण्यांत आलें. आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका येत असतां जो चालक आपली गाडी रस्त्याच्या कडेस घेणार नाहीं, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. या कलमांत शिवीगाळ, धक्काबुक्की, दुष्ट हेतू यांचा शब्दही नाहीं. गाडी कडेस न घेणें एवढेंच पुरे.

आतां हा कायदा हातीं घेऊन वाचकांनीं आपल्या बाजारपेठेंतून एकदां फेरफटका मारावा. मुंबईची काळबादेवी घ्या, पुण्याची रविवार पेठ घ्या, किंवा कोणत्याही तालुक्याच्या गांवची मुख्य पेठ घ्या. गल्ली मुळांतच अरुंद. तींत दुकानाची पायरी पुढें आलेली, पायरीपुढें मालाचीं खोकीं, खोक्यांपुढें हातगाडी, हातगाडीपुढें दुचाकींची रांग, आणि या सर्वांवर कापडी छपराचे बांबू. एवढें सोडून जी वाट उरते तींतून दोन माणसें कशीबशी अंग चोरून जातील. बंब कोठून जाणार? यांतील प्रत्येक वस्तु ठेवणारा गृहस्थ सज्जन आहे, कर भरणारा आहे, आणि ‘माझ्या एका खोक्यानें काय होणार’ असें मनापासून समजणारा आहे. अशा शंभर सज्जनांनीं मिळून केलेला अडथळा एका गुंडाच्या अडथळ्याहून भारी असतो. कारण गुंडास पोलीस पकडून बाजूस करतील. पण पाण्याची नळी ओढीत धांवणाऱ्या जवानानें शंभर खोकीं कोणाकडे हलवावयास द्यावीं?

हे जवान कोणत्या प्रसंगास तोंड देतात हें मुंबईकरांस सांगावयास नको. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला, त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण कामीं आले. तो दिवस आजही देशभर अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवींतील गोकुळ निवास या इमारतीस आग लागली, त्या दुर्घटनेंत दलाच्या चार अधिकाऱ्यांचे प्राण गेले. जे लोक परक्याच्या घरासाठीं जळत्या जिन्यावर चढतात, त्यांना त्या जिन्यापर्यंत पोंचण्यास सरळ वाट देणें एवढेंही आपल्याकडून होत नसेल, तर स्मृतिदिनीं फुलें वाहून काय साधणार? व्यापारी बंधूंस आम्ही हिशेबाच्या भाषेंतही सांगूं. गल्लीच्या तोंडाशीं पडलेलें खोकें गल्लीच्या टोकाचें दुकान जाळतें. आणि आग कोणाच्या दुकानास प्रथम लागेल, हें कोणाच्याही खातेवहींत लिहिलेलें नाहीं.

रस्त्यावरील मोटारवाल्यांची तऱ्हाही निराळी नाहीं. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकूनही चौकांत इंचभर न हलणारे आहेत. कित्येक तर तिला वाट मिळतांच तिच्या मागोमाग आपली गाडी दामटतात, आणि परक्याच्या प्राणसंकटावर स्वतःचीं पांच मिनिटें वांचवितात. अपघात झाला कीं भोंवतीं कडें करून उभे राहणारे बघे तर सर्वत्र आहेत. हे लोक स्वभावानेंच निर्दय आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. विसर्जनाच्या मिरवणुकींत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर खच्चून भरलेली गर्दी रुग्णवाहिका येतांच दुभंगून वाट देते, हें दृश्य अनेकांनीं पाहिलें आहे. त्या वेळीं ढोल थांबतात व स्वयंसेवक साखळी धरतात. म्हणजे हें आपणांस साधतें. मिरवणुकींत साधतें तें रोजच्या रहदारींत साधत नाहीं, याचें कारण एवढेंच कीं मिरवणुकींत वाट देणें हें कोणाचें तरी नेमून दिलेलें काम असतें, आणि इतर दिवशीं तें कोणाचेंच नसतें.

येथवर नागरिकांस दोष दिला. आतां दुसरी बाजू न सांगणें हा अन्याय होईल. अडथळा म्हणजे काम अडविणें. कामाबद्दल विचारणें नव्हे. पोलिसास त्याचें नांव विचारणें हा अडथळा नाहीं. अटक करणाऱ्या अधिकाऱ्यानें आपल्या नांवाची स्पष्ट ओळख अंगावर बाळगावी, असें नागरिक सुरक्षा संहितेचें ३६ वें कलमच सांगतें. पोलीस ठाणें हें गुपितांच्या कायद्यांतील ‘निषिद्ध स्थान’ नव्हे, सबब तेथें चित्रण करणें त्या कायद्याखालीं गुन्हा होत नाहीं, असें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२२ सालीं ठरविलें आहे. जखमीस उचलून रुग्णालयांत नेणारा परोपकारी मनुष्य तर अडथळा करणारा नव्हेच. त्यास स्वतःचें नांव सांगण्याची सक्ती करतां येत नाहीं, असें संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीनें त्यास दिलें आहे. अडथळ्याच्या साध्या गुन्ह्याची दखल न्यायालयानें संबंधित अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवांचून घेऊं नये, हा निर्बंध पूर्वींही होता व आजही आहे. कायदेकर्त्यांनीं तो घातला, कारण रागाच्या भरांत हें कलम वापरलें जाईल ही भीति त्यांनाही होती. २०१८ सालीं महाराष्ट्रानें जुन्या ३५३ व्या कलमाची कैद दोन वर्षांवरून पांच वर्षांवर नेली होती. हल्लेखोरास अशी कडक शिक्षा अवश्य असावी. परंतु शिक्षा जितकी कडक, तितकी ती कोणास लावावयाची याविषयीं काळजी अधिक हवी.

या काळजीचें महत्त्व पुण्यास जुन्या अनुभवानें कळलेलें आहे. १८९७ सालीं साथीचा कायदा झाला, आणि त्याच सालीं प्लेगनिवारणासाठीं गोऱ्या सोल्जरांकडून शहरांत घरझडत्या झाल्या. उद्देश रोग हटविण्याचा असेल. पण लोकांस रोगापेक्षां उपायाचें भय अधिक वाटूं लागलें, व ते आपले रोगी लपवूं लागले. ज्या अधिकाऱ्यावर भरंवसा नाहीं त्यास लोक मनापासून वाट देत नाहींत, मग कायदा कितीही कडक असो. त्याच कायद्यांत २०२० सालीं दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास कडक शिक्षा सांगण्यांत आली. ती योग्यच झाली. परंतु भरंवसा शिक्षेनें येत नाहीं, वागणुकीनें येतो.

म्हणून आमच्या सूचना दोन्ही पक्षांस आहेत. प्रत्येक पेठेच्या व्यापारी मंडळानें बंब जाण्यापुरती रुंदी मोजून रस्त्यावर रंगाची रेघ आंखावी. रेघेबाहेर माल दिसल्यास म्युनिसिपालिटीची वाट न पाहतां मंडळानेंच तो आंत घ्यावयास लावावा. पाण्याच्या नळाच्या तोंडापुढें गाडी उभी राहूं देऊं नये. आणि हें काम मिरवणुकीप्रमाणें नांवानिशीं नेमून द्यावें. वर्षांतून एकदां अग्निशामक दलास बोलावून बंब गल्लींत खरोखर शिरतो कीं नाहीं, हें पाहावें. पोलीसखात्यानें आपल्या बाजूनें असा दंडक घालावा कीं अडथळ्याचा गुन्हा नोंदण्यापूर्वी कोणतें काम, किती वेळ व कशानें अडलें, हें वरिष्ठानें लेखी विचारावें. ज्या तक्रारींत या तीन प्रश्नांस उत्तर नाहीं, ती तक्रार अडथळ्याची नसून अधिकाऱ्याच्या अहंकाराची आहे असें समजावें.

सरकारनें दंडाचा आंकडा वाढविला म्हणून गल्ली रुंद होणार नाहीं. ती रुंद करणें आमच्या वाचकांच्याच हातीं आहे, आणि त्यासाठीं उद्यां दुकान उघडतांना पायरीपुढचें खोकें आंत घेण्यापलीकडे आरंभीं कांहीं लागणारही नाहीं.