दोनशे चौदा डोंगरांची खतावणी

केंडल हे उत्तर इंग्लंडमधलं बाजारपेठेचं लहानसं गाव. तिथल्या नगरपालिकेचे मुख्य हिशेबनीस म्हणून आल्फ्रेड वेनराइट यांनी 1948 ते 1967 अशी एकोणीस वर्षं काम केलं. जमाखर्च, अंदाजपत्रक, वर्षअखेरचा ताळेबंद यांत त्यांचा दिवस जाई. संध्याकाळी घरी आले, जेवले, की ते टेबलाशी बसत आणि डोंगर काढू लागत. लेक डिस्ट्रिक्ट या तळ्याडोंगरांच्या प्रदेशातल्या 214 शिखरांवर त्यांनी सात मार्गदर्शक पुस्तकं केली. त्यांतले नकाशे, चित्रं आणि मजकूर, सगळं काही शाईच्या टाकाने हाती काढलेलं आहे.

पोटासाठी आकडे जुळवणारा, पण मनाने रानात असणारा माणूस, अशी त्यांची गोष्ट सहसा सांगतात. ती ऐकायला बरी वाटते, पण पुस्तकं उघडली की पटत नाही. ती एका पक्क्या हिशेबनिसानेच केली आहेत, हे पानापानावर दिसतं.

वेनराइट यांचा जन्म 17 जानेवारी 1907 चा, ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या शहरातला. वडील पाथरवट होते आणि दारूच्या आहारी गेलेले. घर आईने ओढलं. वर्गात पहिला येणारा हा मुलगा तेराव्या वर्षी शाळा सोडून नगरपालिकेत ऑफिसबॉय म्हणून चिकटला. तिथून हिशेब खात्यात गेला आणि रात्रीचा अभ्यास करून लेखापालाच्या परीक्षा पास झाला.

1930 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते एरिक या नात्यातल्या भावाबरोबर सुट्टीसाठी लेक डिस्ट्रिक्टला गेले. विंडरमियर गावामागच्या ऑरेस्ट हेड नावाच्या टेकडीवर दोघे चढले. टेकडी जेमतेम 780 फुटांची. आपल्याकडे तिला कुणी नावही ठेवलं नसतं. पण वर पोहोचताच समोर लांबच लांब तळं आणि त्यापलीकडे डोंगरांच्या रांगा उलगडल्या. गिरण्यांच्या धुरात वाढलेल्या या तरुणाने असं काही पाहिलं नव्हतं. पुढे अकरा वर्षांनी, 1941 मध्ये, त्यांनी कमी पगार पत्करून केंडलच्या नगरपालिकेत नोकरी धरली. कारण एकच, डोंगर जवळ होते.

9 नोव्हेंबर 1952 च्या संध्याकाळी त्यांनी पहिलं पान काढलं, डव्ह क्रॅग या डोंगराच्या अँबलसाइडकडून जाणाऱ्या वाटेचं. काम सुरू करण्याआधी त्यांनी संपूर्ण वेळापत्रक आखलं होतं: सात पुस्तकं, तेरा वर्षं. छापण्याचा विचार तेव्हा नव्हता. म्हातारपणी पाय थकले की पानं उलटून डोंगर आठवायचे, एवढाच बेत. गाडी त्यांनी आयुष्यात चालवली नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळची बस धरायची, दिवसभर एकट्याने चढायचं, वाटा आणि कुंपणं टिपायची, फोटो घ्यायचे आणि शेवटच्या बसने परत यायचं. मग आठवडाभर संध्याकाळी त्या टिपणांची पानं होत.

सुमारे शंभर पानं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ओळींची उजवी बाजू सरळ येत नाही. कुठे ओळ आखूड, कुठे लांब. दुसरा कुणी असता तर चालवून घेतलं असतं. त्यांनी ती सगळी पानं बाद केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. यानंतरच्या पानांत दोन्ही कडा सरळ आहेत आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडलेला नाही. हस्ताक्षरात हे साधायचं, तर प्रत्येक ओळ आधी मनात मोजावी लागते.

पुस्तकांची रचना तर थेट कीर्द-खतावणीची. प्रत्येक डोंगराचं स्वतंत्र खातं. पानांचे क्रमांकसुद्धा पुस्तकभर सलग नाहीत. नवा डोंगर आला की पुन्हा एकपासून. प्रत्येक खात्यात ठरलेल्या नोंदी: डोंगराचा आकार, नकाशा, निरनिराळ्या बाजूंनी चढायच्या वाटा, माथा, शेजारच्या शिखराकडे जाणारी धार आणि माथ्यावरून कुठल्या दिशेला काय दिसतं. इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक असो (978 मीटर, आपली कळसूबाई 1,646), नाहीतर तासाभरात उरकणारी टेकडी, शिस्त तीच.

या शिस्तीत त्यांचा खट्याळपणाही डोकावतो. पहिलं पुस्तक त्यांनी नकाशे बनवणाऱ्या सरकारी मोजणीदारांना अर्पण केलं, दुसरं दगडी कुंपणं रचणाऱ्यांना, आणि सहावं चक्क स्वतःच्या डाव्या-उजव्या पायांना. ग्रासमियरजवळच्या हेल्म क्रॅगच्या माथ्यावरचा टोकाचा खडक चढायचं धाडस त्यांना झालं नाही. तर त्या डोंगराच्या पानांत त्यांनी एक छोटी जागा कोरी ठेवली, पुढेमागे चढलोच तर नोंद करता यावी म्हणून. ती कोरीच राहिली.

पहिलं पुस्तक 1955 मध्ये निघालं. प्रकाशक म्हणून नाव गावच्या ग्रंथपालाचं, हेन्री मार्शल यांचं. छपाईचे पैसे पुस्तकं खपतील तसे देण्याची सवलत मुद्रकाने दिली. सातवं पुस्तक 1966 मध्ये आलं. सगळं काम ठरल्या मुदतीच्या एक आठवडा आधीच पुरं झालं होतं. अंदाजपत्रकाबाहेर न जाणारी नगरपालिका कुणी पाहिली असेल तर सांगावं!

पण या सगळ्याची किंमत घरच्यांनी मोजली. रूथ होल्डन यांच्याशी 1931 मध्ये झालेलं त्यांचं लग्न कधीच सुखाचं नव्हतं. रोजची संध्याकाळ टेबलाशी आणि सुट्टी डोंगरात घालवणाऱ्या माणसाच्या संसारात बायकोच्या आणि पीटर या मुलाच्या वाट्याला काय येणार? निवृत्तीच्या सुमारास रूथ घर सोडून गेल्या. 1970 मध्ये वेनराइट यांनी बेटी मॅकनॅली यांच्याशी लग्न केलं, आणि उतारवयातले दिवस मात्र समाधानात गेले.

पैशांच्या बाबतीत त्यांचं वागणं चकित करणारं होतं. पुस्तकांच्या दहा लाखांहून जास्त प्रती त्यांच्या हयातीत खपल्या, आणि मानधनाचा मोठा वाटा बेवारस कुत्र्यामांजरांसाठी काम करणाऱ्या ॲनिमल रेस्क्यू कम्ब्रिया या संस्थेकडे गेला. पेनाइन वे या लांब पायवाटेवरचं त्यांचं पुस्तक 1968 मध्ये आलं. ती वाट पूर्ण चालून शेवटच्या गावातल्या बॉर्डर हॉटेलात पोहोचणाऱ्याला अर्धा पाइंट बिअर त्यांच्या खर्चाने मिळे. किती जण येतील याचा अंदाज नसताना असं खातं उघडून ठेवणं कुठल्या हिशेबात बसतं, ते त्यांनाच ठाऊक.

1973 मध्ये त्यांनी इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, तीन राष्ट्रीय उद्यानांतून जाणारी, सुमारे 190 मैलांची कोस्ट टू कोस्ट वाट आखली. तिला राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा देण्याची घोषणा 2022 मध्ये झाली.

वेनराइट यांना एकांत प्रिय. डोंगरावर समोरून कुणी आलं, तर ते बोलणं टाळत. त्यांच्याच पुस्तकांनी मात्र तिथे माणसांची रीघ लावली. त्यांनी निवडलेली शिखरं आज ‘वेनराइट्स’ म्हणूनच ओळखली जातात, आणि सगळी 214 पुरी करण्याचा छंद हजारोंना जडला आहे. आपल्याकडे गडकिल्ल्यांची यादी पुरी करणारे ट्रेकर्स असतात, तसाच. वासडेल खोऱ्यातल्या जॉस नेलर या मेंढपाळाने वयाच्या पन्नाशीत ती सलग धावत सुमारे सात दिवसांत संपवली; 2021 मध्ये सब्रिना वर्जी हिने सहा दिवसांच्या आत. पावलांनी झिजलेल्या वाटा दुरुस्त करायला आता ‘फिक्स द फेल्स’ नावाची मोहीम चालते. स्वयंसेवक पाण्याचे चर साफ करतात, धूप झालेल्या चढांवर दगड बसवतात. हा खर्च वेनराइट यांच्या नावे टाकायचा का, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते निम्माअर्धा तरी टाकावा.

20 जानेवारी 1991 रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे बेटींनी त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांची रक्षा हेस्टॅक्स या डोंगरावरच्या इनॉमिनेट टार्न तळ्याकाठी नेली.

पुस्तकांची सुधारित आवृत्ती ते असताना निघाली नाही. ख्रिस जेस्टी या नकाशाकाराला त्यांनी आपल्या पश्चात तसं करायला मोकळीक दिली होती. जेस्टींनी सगळे डोंगर पुन्हा चालून, उपग्रहाच्या मदतीने वाटा तपासून, 2005 ते 2009 या काळात सातही पुस्तकं नव्याने सिद्ध केली. वाटा लाल रंगात आल्या आणि बदललेली कुंपणं दुरुस्त झाली. नव्या मजकुरासाठी वेनराइट यांच्या हस्ताक्षरावरून संगणकाचा टंक बनवून घेतला. पुढची आवृत्ती क्लाइव्ह हचबी यांच्याकडे गेली, आणि त्यांनीही पहिल्या डोंगरापासून पुन्हा चालायला सुरुवात केली.