कल्हणाने लिहिलेली दिद्दा राणी

एखाद्या माणसाची गोष्ट निघाली की दहा जण दहा तऱ्हा सांगतात. मग हजार वर्षांपूर्वीच्या राणीविषयी खरे काय, हे कसे कळावे? एक उदाहरण पाहू.

काश्मिरात कल्हण नावाचा पंडित होऊन गेला. त्याचा बाप चंपक हा हर्ष राजाचा मंत्री होता. कल्हणाने इ. स. ११४८ ते ११५० या काळात ‘राजतरंगिणी’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. त्यात काश्मीरच्या राजांचा इतिहास आहे. राज्य चालवणाऱ्या राण्यांचाही आहे. त्यांत सर्वांत जबरदस्त राणी म्हणजे दिद्दा.

दिद्दा ही लोहरच्या राजाची मुलगी. पायाने अधू होती. काश्मीरचा राजा क्षेमगुप्त याची ती राणी झाली. राजा ९५८ साली वारला. मुलगा लहान होता. दिद्दाने कारभार हाती घेतला. सरदारांनी बंड केले. काहींना तिने पैसे देऊन फोडले, काहींचा मोड केला. पुढे ९८० साली ती स्वतःच गादीवर बसली आणि १००३ सालापर्यंत तिने राज्य केले.

कल्हण तिची दोन्ही अंगे सांगतो. तिने देवळे बांधली, मठ बांधले, हे सांगतो. गादीसाठी तिने आपले नातू मारले, हेही सांगतो. इतिहास लिहिणाऱ्याने न्यायाधीशासारखे असावे, लोभ नको, द्वेष नको, असे त्याचे मत होते. त्यासाठी त्याने जुने ग्रंथ वाचले. शिलालेख आणि दानपत्रे पाहिली.

मग त्याचे सगळेच खरे मानायचे का? थांबा. दिद्दा वारली त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी त्याने लिहिले. त्याने तिला डोळ्यांनी पाहिले नव्हते. एका नातवाला तिने जादूटोण्याने मारले, असे तो लिहितो. आता जादूटोण्याने का कुणी मरतो? पोर आजाराने गेले असेल, नाहीतर विष घातले असेल. शिवाय एका राणीचे दोष सांगता सांगता तो साऱ्या बायकांच्या जातीलाच नावे ठेवतो. तिथे न्यायाधीश जरा डुलकी घेतो, बरं का!

पण काही गोष्टींना पुरावा मिळतो. क्षेमगुप्त बायकोच्या मुठीत होता, म्हणून लोक त्याला ‘दिद्दाक्षेम’ म्हणत, असे कल्हण सांगतो. त्या राजाची नाणी सापडली आहेत. त्यांवर क्षेमगुप्ताच्या नावाआधी ‘दि’ हे अक्षर आहे. दिद्दाच्या एकटीच्या नावाचीही नाणी आहेत. म्हणजे तिची सत्ता खरीच होती.

सातबाराचा उतारा हाती आला की आपण नाव, गट नंबर, क्षेत्र ताडून बघतो. इतिहासही तसाच वाचावा. कोण सांगतो? केव्हा सांगतो? कशावरून सांगतो? छापलेले अक्षर दिसले म्हणून लगेच मान डोलवू नये. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा हे तीन प्रश्न विचारायचा हक्कही तुमचाच आहे.