इंदूरच्या दोन अंगांना

इंदूरला गेलेला मराठी माणूस रात्री सराफ्यात पोटभर खातो, उज्जैनला महाकालाचं दर्शन घेतो, एक दिवस मांडूचा जहाजमहाल बघतो आणि परतीच्या गाडीत बसतो. मांडूच्या वाटेवर धार लागतं, तिथे तो फार तर चहापुरता उतरतो. देवासच्या नशिबी तेवढंही नाही. खरं तर ही दोन्ही पवारांची गावं, म्हणजे आपल्याच घरातली.

देवासची गंमत अशी की इथे एकाच गावात दोन राजे नांदत होते. पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंना हा मुलूख मिळाला. पुढे वाटणी झाली ती थोरली पाती आणि धाकटी पाती अशी. दोन दरबार, दोन राजवाडे, दोन कारभार; सलामीच्या तोफासुद्धा दोघांना सारख्याच, पंधरा-पंधरा. १९४८मध्ये संस्थानं मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा दुहेरी संसार चालला. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, पण ती इतक्या शिस्तीत कुठे पाहिलेली नाही!

गावावर माथा उंचावून उभी आहे ती माता टेकडी. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, लोकांच्या तोंडी मोठी माता आणि छोटी माता. इथेही दोन! याच टेकडीचं नाव ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने आपल्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकाला दिलं. १९२१मध्ये तो थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचा खासगी चिटणीस होता. राजवाड्यातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने डोळे भरून पाहिला आणि तो ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या भागात उतरवला. त्या प्रसंगात भजन करणारे नाव घेतात ते तुकारामाचं. देहूचा वाणी जगभर वाचल्या जाणाऱ्या इंग्रजी कादंबरीत पोचला तो देवासमार्गे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ आहे, कुमार गंधर्वांचं घर. क्षयाने पोखरलेले कुमारजी १९४८मध्ये कोरड्या हवेसाठी इथे आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं. पडल्या पडल्या कानावर यायची ती माळव्यातल्या बायकांची लग्नातली, सणावारांची गाणी आणि नाथपंथीयांची निर्गुणी भजनं. त्या ऐकण्यातूनच पुढे त्यांचे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग आले, कबीर आला. १९९२मध्ये जाईपर्यंत त्यांनी देवास सोडलं नाही. भा. रा. तांब्यांचं शिक्षणही याच गावात झालं आणि त्यांच्या कवितांचा ‘तांबे गीत रजनी’ हा कार्यक्रम केला तो कुमारजींनी.

धार इंदूरच्या पश्चिमेला, साठ-पासष्ट किलोमीटरवर. राजा भोजाची ही धारानगरी. किल्ला तांबूस दगडाचा, महंमद तुघलकाच्या काळातला मानतात. बारभाईंच्या धामधुमीत राघोबादादांच्या आनंदीबाई इथे आश्रयाला होत्या. १७७५च्या जानेवारीत दुसरा बाजीराव जन्मला तो याच किल्ल्यात. मराठेशाही ज्याच्या हातून गेली त्याचा पाळणा इथे हलला, एवढ्यासाठी तरी मी हा किल्ला चढलो.

पण माझं मत विचाराल तर धारमधली खरी बघण्याची गोष्ट लाट मशिदीबाहेर आडवी पडली आहे. माळव्याचा सुलतान दिलावर खान याने १४०५मध्ये बांधलेल्या या मशिदीचं नाव ज्यावरून पडलं, तो लोहस्तंभ तीन तुकड्यांत ओट्यावर ठेवलेला आहे. तुकडे जोडले तर लांबी तेरा मीटरच्या वर जाते; दिल्लीचा प्रसिद्ध स्तंभ जेमतेम सात. गावकथा म्हणते की ही गांगली तेलिणीच्या तराजूची दांडी. ‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ ही म्हण आठवली की मान डोलते.

शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके हेही धारचेच झाले. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा त्यांचा. वसईत जन्मलेला हा माणूस संस्थानच्या आश्रयाने इथे आला आणि इथेच राहिला.

आता जिभेचं. सकाळी पोहे, पण आपले नव्हेत. हे वाफेवर राहिलेले, गोडसर, वर मूठभर शेव, जीरावण मसाल्याची चिमूट आणि बाजूला जिलबी. दुपारी बाफले: कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग गोवऱ्यांवर भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि डाळीबरोबर खायचे. नंतर काही करायचं मनात ठेवू नये. पावसाळ्यात मक्याची कणसं किसून दुधात शिजवलेला कीस मिळतो. मराठी घरांत मात्र सणाला पुरणपोळीच, हिंदीच्या हेलातल्या मराठीत आग्रह करकरून वाढलेली.

पेयाचं म्हणाल तर हा द्राक्षांचा मुलूख नव्हे, मोहाचा. धार जिल्ह्याच्या पश्चिमेला, बाग-कुक्षीकडच्या भिल्ल-भिलाला पाड्यांत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. तो वेचून, वाळवून, आंबवून दारू गाळतात. मध्य प्रदेश सरकारने अलीकडे या दारूला ‘हेरिटेज मद्य’ म्हणून मान्यता देऊन आदिवासी बचत गटांना ती गाळण्याची मुभा दिली आहे.

मोहाचा सडा बघायचा असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाशी या, कीस खायचा असेल तर पावसात. मुक्काम इंदूरला ठेवा, पण देवासला एक आणि धारला एक असे दोन दिवस वेगळे काढा. एका दिवसात दोन्ही उरकू नका.