रशियाची कॅथरीन आणि आपले आप्पासाहेब

मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या!

कॅथरीन राणी मला शाळेपासून पाठ. १७६२ मध्ये राजरक्षक पलटणींच्या जोरावर तिनं नवऱ्याला, म्हणजे तिसऱ्या पीटरला, गादीवरून खाली खेचलं. काही दिवसांतच तो कैदेत मेला. सुट्टीत तेल्हाऱ्याला गेलो तेव्हा हे आजोबांना ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, "रशियात कायले जातं रे बाप्पा? नागपूरच्या भोसल्याचं वाच ना!"

वाचलं, आणि गोष्ट आमच्याच तालुक्यात निघाली. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावजवळ वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेला हरवलं. त्या फौजेचा सेनापती होता दुसऱ्या रघूजीचा भाऊ व्यंकोजी. पुढच्याच महिन्यात देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. याच व्यंकोजीचा मुलगा म्हणजे आप्पासाहेब.

मार्च १८१६ मध्ये रघूजी वारला. त्याचा मुलगा परसोजी गादीवर आला खरा, पण त्याला राज्य चालवणं शक्यच नव्हतं. मग कारभार कोणाकडे? एकीकडे राणी बांकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसरीकडे आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी बाजी मारली. धर्माजी आधी कैदेत गेला, नंतर मारला गेला. स्वतःची बाजू पक्की करायला आप्पासाहेबांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तह करून तैनाती फौज घेतली. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते! खून त्यांच्याच सांगण्यावरून झाला, हे इंग्रजांनी पुढे बाहेर काढलं.

असं का होतं? वारस कोण, याचा पक्का नियम नसतो म्हणून. रशियात १७२२ मध्ये पहिल्या पीटरनं वारस निवडायचा हक्क राजाला दिला आणि मग पलटणीच राजे ठरवू लागल्या. नागपुरातही १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत मुधोजीनं सख्ख्या भावाला, साबाजीला, मारूनच कारभार मिळवला होता.

पण एक फरक आहे, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. रशियातल्या पलटणी रशियाच्याच होत्या. त्यामुळे राजा बदलला तरी राज्य राहिलं. आप्पासाहेबांनी घेतलेली फौज मात्र हुकूम ऐकायची कंपनीचा. नोव्हेंबर १८१७ मध्ये ते सीताबर्डीवर इंग्रजांविरुद्ध लढले, पण हरले. १८१८ मध्ये गादी गेली, अटक झाली. पहाऱ्यातून निसटले खरे, पण राज्य परत मिळालं नाही. १८४० मध्ये जोधपूरला वारले. नागपूरच्या गादीवर रघूजीच्या मुलीचा लहान मुलगा बसला आणि कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती गेला. १८५३ मध्ये तो राजा निपुत्रिक वारला आणि पुढच्या वर्षी राज्यच खालसा झालं.

म्हणजे बापानं अडगावात वऱ्हाड गमावलं ते लढून. मुलानं उरलेलं राज्य धोक्यात घातलं ते घरचं भांडण जिंकायला बाहेरचा माणूस बोलावून. आता एस.टी. अडगाववरून जाते तेव्हा मी खिडकीतून बघतो. आधी झोपलेला असायचो!