विंचू, इंगळी आणि पबमेड
संशोधनाच्या वाटेवर : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण संशोधन-लेखाचा सारांश कसा वाचायचा ते पाहिलं. आता मुळात तो लेख शोधायचा कसा, ते पाहू. उदाहरण आपल्या कोकणातलंच घेतो : विंचूदंश.

पबमेड ही अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची वैद्यकीय संशोधन-लेखांची सूची १९९६ पासून इंटरनेटवर आहे. तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. अडचण येते ती शब्दांची.

आपण म्हणतो, ‘विंचू चावला.’ म्हणून हात आपोआप ‘स्कॉर्पिअन बाइट’ टाइप करतो. पण विंचू नांगी मारतो, तोंडाने चावत नाही. त्यामुळे शास्त्रीय लिखाणात शब्द येतो तो ‘स्टिंग’. पुस्तकाच्या पाठीवर वर्गांक चिकटवतात, तसं पबमेडमधल्या बहुतेक नोंदींना ठरावीक विषय-शीर्षक लावलेलं असतं. या शीर्षकांच्या यादीला ‘मेश’ म्हणतात. तिथे आधी डोकावा, ‘स्कॉर्पिअन स्टिंग्ज’ हे शीर्षक सापडेल. मात्र अगदी ताज्या नोंदींना शीर्षक लागलेलं नसण्याची शक्यता असते, म्हणून साधे शब्दही जोडीला ठेवा.

शास्त्रीय नावावर तर मुळीच विसंबू नका. आपल्याकडच्या लाल विंचवाचं नाव अनेक लेखांत ‘मेसोब्युथस टॅम्युलस’ असं आहे. आता त्याला ‘हॉटेनटोटा टॅम्युलस’ म्हणतात. एकच नाव टाकलंत, तर दुसऱ्या नावाखालचं सगळं काम नजरेआड जाईल. दोन्ही नावं लिहा आणि मधे ‘ऑर’ टाका, तोही कॅपिटल अक्षरांत.

आता शोधात ‘प्राझोसिन’ जोडा. हे रक्तदाबावरचं औषध. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते विंचूदंशाच्या रुग्णांना दिलं आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. ग्रामीण भागातल्या डॉक्टरचं निरीक्षण जगाच्या सूचीत आहे, हे पाहून मला आजही भरून येतं.

पण १९८६ वर थांबू नका. डाव्या बाजूच्या गाळणीत ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’वर खूण करा, म्हणजे औषधांची रीतसर तुलना करणारे अभ्यासच उरतील. त्यांत बावस्करांचाच २०११ चा ‘बीएमजे’मधला लेख आहे, आणि तो पूर्ण, विनामूल्य वाचता येतो. त्यात ७० रुग्णांचे दोन गट होते : एकाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिनसोबत प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात सुमारे २३ टक्के, दुसऱ्यात ९१ टक्के. ज्या औषधाने त्यांचं नाव झालं, त्याला जोड हवी, हे त्यांनी स्वतःच तपासून छापलं.