चौथ्या फळीतला तरुण आघाडीपटू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उत्तर अमेरिकेत बर्फावर खेळल्या जाणाऱ्या व्यावसायिक हॉकीत, म्हणजे प्रामुख्याने नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएल या ३२ संघांच्या स्पर्धेत, विशीच्या आगेमागे असलेला आणि संघात जेमतेम जागा मिळवलेला आघाडीपटू हा भरपूर मते आणि तोकडा विचार यांचा कायमचा धनी असतो. त्याला तिकडे ‘डेप्थ फॉरवर्ड’ म्हणतात. सामन्यासाठी प्रत्येक संघ १८ स्केटर आणि २ गोलरक्षक उतरवतो. त्या १८ पैकी साधारणपणे १२ आघाडीपटू असतात आणि त्यांच्या तिघातिघांच्या चार फळ्या केल्या जातात. पूर्ण वेगाने स्केटिंग करणे इतके दमवणारे असते की एका फळीची पाळी पाऊण मिनिटाच्या आसपास संपते आणि खेळ चालू असतानाच पुढची फळी कठड्यावरून बर्फावर उतरते. परंतु या पाळ्यांचे वाटप समान नसते: साठ मिनिटांच्या सामन्यात पहिल्या फळीला १८ ते २० मिनिटे मिळत असतील, तर चौथ्या फळीच्या वाट्याला ८ ते ११ मिनिटे येतात. तरुण खेळाडूविषयीचे बहुतेक गैरसमज या असमान वाटपाकडे दुर्लक्ष केल्यामुळे निर्माण होतात.

चौथी फळी म्हणजे धसमुसळ्या, हाणामारी करणाऱ्या आणि खेळात फारशी गती नसलेल्या गड्यांची जागा, हा समज एकेकाळी अगदीच निराधार नव्हता, कारण प्रतिस्पर्ध्याला धाक दाखवण्यासाठी केवळ मुष्टियुद्धात पटाईत असलेला खेळाडू बाळगण्याची रीत अनेक संघांत होती. ती आता जवळजवळ मोडीत निघाली आहे आणि त्यामागे खेळाच्या वाढत्या वेगाइतकाच हिशेबही आहे. २००५-०६ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा आहे. २०२४-२५ मध्ये ती ८.८ कोटी डॉलर होती, तर एका खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ७.७५ लाख डॉलर होते. दोन-तीन तारांकित खेळाडूंवर मर्यादेचा मोठा भाग खर्च झाला की उरलेल्या जागा स्वस्तात भराव्या लागतात, आणि वयाच्या १८ ते २१ या काळात पहिला करार करणारा खेळाडू तीन वर्षे नियमाने बांधलेल्या माफक वेतनावर खेळत असल्याने तो संघाला परवडतो. त्यामुळे एखादा तरुण चौथ्या फळीत दिसतो, तेव्हा त्यात त्याच्या कौशल्याबद्दलचे मत किती आणि जमाखर्चाची सोय किती, हे नुसत्या जागेवरून ठरवता येत नाही.

याहून खोलवर रुजलेला गैरसमज गुणांविषयीचा आहे. हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्या गोलाआधी चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती, म्हणजे पक, पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोन साथीदारांना साहाय्याचा एकेक गुण मिळतो. हंगामाअखेर ही बेरीज पाहून ‘४५ गुणांचा खेळाडू’ आणि ‘२० गुणांचा खेळाडू’ अशी प्रतवारी केली जाते. समजा, पहिला खेळाडू ८० सामन्यांत दर सामन्याला १८ मिनिटे खेळला, त्यांपैकी ३ मिनिटे ‘पॉवर प्ले’ची होती, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक गडी शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना संख्याबळाच्या जोरावर हल्ला करण्याची, आणि त्याचे १५ गुण याच काळात आले. उरलेले ३० गुण त्याने समसमान संख्याबळाच्या १,२०० मिनिटांत, म्हणजे २० तासांत मिळवले. दर तासाला दीड गुण. दुसरा खेळाडू पॉवर प्लेवर उतरलाच नाही, दर सामन्याला १० मिनिटे याप्रमाणे ८०० मिनिटे खेळला आणि २० गुण मिळवले. त्याचाही दर तासाला दीड गुणच पडतो. सातव्या क्रमांकावर येऊन शेवटची दोन षटके खेळणाऱ्याची धावसंख्या सलामीवीराच्या धावसंख्येशी कोणी थेट ताडून पाहत नाही, पण हॉकीत तसे सर्रास केले जाते. अर्थात हा दरही आंधळेपणाने वापरण्याजोगा नाही, कारण १० मिनिटे खेळणाऱ्यासमोर बहुधा प्रतिस्पर्ध्याचेही दुय्यम बचावपटू असतात आणि त्याचे स्वतःचे साथीदारही तितपतच असतात. वेळ दुप्पट केली की गुण दुप्पट होतील, हे त्यातून सिद्ध होत नाही. फक्त कमी गुण म्हणजे कमी कुवत हे अनुमान टिकत नाही, इतकेच सिद्ध होते.

या संदर्भात विल्यम कार्लसन या स्वीडिश आघाडीपटूची कारकीर्द तपशिलाने पाहण्यासारखी आहे. २०११ च्या निवडप्रक्रियेत, म्हणजे कनिष्ठ स्तरावरचे खेळाडू संघांनी क्रमाक्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, अॅनाहाइमने त्याला ५३ व्या क्रमांकावर घेतले आणि २०१५ मध्ये तो कोलंबस संघात गेला. तेथे २०१६-१७ मध्ये ८१ सामन्यांत त्याचे ६ गोल आणि १९ साहाय्ये झाली. २०१७ मध्ये लास वेगासचा नवा संघ स्पर्धेत दाखल झाला आणि त्याला इतर प्रत्येक संघातून एकेक असंरक्षित खेळाडू उचलण्याची मुभा मिळाली, तेव्हा आपले अधिक मोलाचे वाटणारे खेळाडू वाचावेत म्हणून कोलंबसने वेगासशी सौदा केला: त्यांनी कार्लसनला घ्यावे, आणि त्याबदल्यात पहिल्या फेरीची एक निवड, दुसऱ्या फेरीची एक निवड आणि एका जखमी खेळाडूचा नकोसा करार वेगासच्या पदरात पडावा. म्हणजे कार्लसन जवळजवळ वर पैसे देऊन घालवला गेला. वेगासमध्ये जोनाथन मार्शेसो आणि रायली स्मिथ यांच्या जोडीला पहिल्या फळीचा मध्य आघाडीपटू म्हणून खेळताना त्याने पहिल्याच हंगामात ४३ गोल केले आणि एकूण ७८ गुण मिळवले. त्याचे स्केटिंग एका उन्हाळ्यात बदललेले नव्हते. बदलले होते ते साथीदार, मिनिटे आणि पॉवर प्लेवरची जागा.

मात्र हेच उदाहरण उलट्या बाजूच्या गैरसमजालाही लागू पडते, आणि चाहते ही दुसरी बाजू सोयीस्करपणे विसरतात. त्या हंगामात कार्लसनने गोलावर मारलेल्या १८४ फटक्यांपैकी २३ टक्क्यांहून अधिक फटके जाळ्यात गेले, स्पर्धेतले सर्वसाधारण प्रमाण मात्र १० टक्क्यांच्या आसपास असते. इतके प्रमाण कोणाचेही टिकत नाही. पुढच्या हंगामात ते १४ टक्क्यांवर आले आणि गोल २४ झाले, म्हणजे तो खेळाडू ६ गोलांचाही नव्हता आणि ४३ गोलांचाही नव्हता. चौथ्या फळीतल्या तरुणाच्या बाबतीत नशिबाचा हा खेळ आणखी फसवा ठरतो, कारण त्याच्या फटक्यांची संख्याच तुटपुंजी असते. हंगामात ८० फटके मारणाऱ्या आणि खरे कौशल्य १० टक्क्यांचे असणाऱ्या खेळाडूकडून ८ गोल अपेक्षित धरले, तरी निव्वळ योगायोगाच्या चढउतारामुळे तो एका वर्षी ५ आणि दुसऱ्या वर्षी ११ गोल करू शकतो. पहिल्या वर्षी वृत्तपत्रे त्याला अपयशी ठरवतात आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या ‘उदया’ची कारणे शोधतात. म्हणूनच विश्लेषक एखादा खेळाडू बर्फावर असताना त्याच्या संघाच्या फटक्यांतील यशाचे प्रमाण आणि त्याच्या गोलरक्षकाने अडवलेल्या फटक्यांचे प्रमाण यांची बेरीज करतात, जिला पीडीओ म्हणतात. संपूर्ण स्पर्धेत ही बेरीज १०० भरते, त्यामुळे एखाद्याची १०४ किंवा ९६ असेल तर ती काळाच्या ओघात १०० कडे सरकण्याचीच शक्यता अधिक.

प्लस-मायनस हा जुना आकडा फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला की अधिक एक आणि गोल खाल्ला की उणे एक, असा हा हिशेब असून त्यात पॉवर प्लेवरचे गोल धरले जात नाहीत. गोलरक्षक कच्चा असला की चांगल्या बचावाचा खेळाडूही उण्यात जातो. प्लस-मायनसची जागा आता कॉर्सी या मापनाने घेतली आहे, ज्यात जाळ्याच्या दिशेने झालेले, हुकलेले आणि वाटेत अडवले गेलेले असे सर्व फटके दोन्ही बाजूंनी मोजले जातात. बफेलो संघाचे माजी गोलरक्षक प्रशिक्षक जिम कॉर्सी यांचे नाव त्याला मिळाले आहे. गोलांपेक्षा फटके कितीतरी जास्त असल्यामुळे कमी सामन्यांतही थोडाफार विश्वासार्ह कल दिसतो. पण कॉर्सी हाच अंतिम निकाल मानणे हा नव्या पिढीचा गैरसमज आहे. हा आकडा बर्फावरच्या पाचही जणांचा सामाईक असतो, त्यामुळे तो निदान त्याच संघातल्या इतरांशी तुलना करून पाहावा लागतो. दुसरीकडे, प्रशिक्षक एखाद्याला सतत आपल्याच जाळ्याजवळच्या फेसऑफसाठी, म्हणजे पंच दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करतात त्या क्षणासाठी, उतरवत असेल तर त्याचा कॉर्सी काहीसा घसरणार; पण बहुतांश पाळ्या खेळ चालू असतानाच सुरू होत असल्याने ही सबब जितकी सांगितली जाते तितकी भरीव नसते.

आकडे जेथे संपतात तेथे एखादी साधी पाळी बारकाईने पाहणे उपयोगी पडते. आपल्या क्षेत्रातून बाहेर काढण्यासाठी मारलेला पक कठड्याच्या कडेने घरंगळत येतो, बगलेवरच्या तरुण आघाडीपटूची पाठ मैदानाकडे असते आणि समोरून प्रतिस्पर्धी बचावपटू त्याला कठड्यावर दाबण्यासाठी वेगाने पुढे येतो. पक हाती येण्याआधी खांद्यावरून मागे नजर टाकली असेल, तर मध्य आघाडीपटू कोठे आहे हे त्याला ठाऊक असते आणि धक्का बसण्यापूर्वीच तो एका स्पर्शात पक त्याच्याकडे सरकवू शकतो. नजर टाकली नसेल तर तो पक कसाबसा निळ्या रेषेबाहेर, म्हणजे आपल्या क्षेत्राबाहेर, ढकलतो, किंवा गमावतो आणि पुढचे अर्धे मिनिट पाचही जण आपल्याच जाळ्यासमोर अडकून पडतात. या कामाला गुण नाहीत, टाळ्याही नाहीत. परंतु प्रशिक्षक दहा मिनिटांची तेरा मिनिटे करतो ती बहुधा याच्या जोरावर. प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात पक ताब्यात ठेवून शिरणे आणि नुसता आत टाकून त्यामागे धावणे यांतला फरकही असाच अर्थपूर्ण आहे, कारण ताब्यासह केलेल्या प्रवेशातून अधिक फटके निघतात; चौथ्या फळीला मात्र पुष्कळदा पक आत टाकण्याचाच आदेश असतो. तो आदेश पाळणाऱ्याकडे सर्जकता नाही असे म्हणणे हा आज्ञाधारकपणाचा विपर्यास होय.

‘अजून लहान आहे, वाढेल’ हा आशावादही तपासून घ्यावा लागतो. आघाडीपटूंची गुण मिळवण्याची क्षमता सर्वसाधारणपणे विशीच्या मध्यावर शिखर गाठते, म्हणजे २३ वर्षांच्या खेळाडूची बरीचशी वाढ होऊन गेलेली असते आणि पुढे फार तर भर पडते. याविरुद्ध मार्टिन सेंट लुई यांचे नाव हमखास पुढे केले जाते: उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, निवडप्रक्रियेत कोणीही न घेतलेला, कॅलगरीने २००० मध्ये सोडून दिलेला, आणि टॅम्पा बे संघाकडून २००३-०४ मध्ये ९४ गुणांसह स्पर्धेत अव्वल ठरलेला खेळाडू. उदाहरण खरे आहे, पण ते वापरण्याची पद्धत चुकीची आहे, कारण पंचविशीत सोडून दिले गेलेले आणि पुन्हा कधीच न परतलेले शेकडो खेळाडू या युक्तिवादात मोजलेच जात नाहीत. उंचीवरून कोणाला बाद करू नये, एवढे मात्र त्यावरून नक्की शिकता येते.

दुय्यम स्पर्धेत, म्हणजे अमेरिकन हॉकी लीगमध्ये, परत पाठवणे ही शिक्षा समजली जाते. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचे तर आधी त्याला ‘वेव्हर्स’वर ठेवावे लागते, म्हणजे इतर संघांना २४ तासांत त्याला उचलून नेण्याची संधी द्यावी लागते; मात्र कारकिर्दीच्या सुरुवातीची ठरावीक वर्षे किंवा सामने पूर्ण न झालेल्या तरुणांना यातून सूट असते. साहजिकच जागा रिकामी करायची वेळ आली की गमावण्याची भीती नसलेला तरुण प्रथम खाली जातो, मग तो वर राहिलेल्यांपेक्षा सरस का असेना. शिवाय तेथे त्याला वीस मिनिटे आणि पॉवर प्ले मिळतो, जो वर प्रेक्षागृहात बसून मिळणार नसतो.

भूमिका ही खेळाडूच्या अंगीच असते आणि तो जाईल तेथे तिला सोबत नेतो, ही समजूत व्यवस्थापकांनाही महागात पडते. फेब्रुवारी २०२० मध्ये टॅम्पा बेने न्यू जर्सीचा ब्लेक कोलमन आणि सॅन होजेचा बार्क्ले गुड्रो यांना आणले आणि दोघांसाठीही पहिल्या फेरीच्या निवडी मोजल्या, जरी गुड्रोने तोवर एकाही हंगामात १० गोल केलेले नव्हते. निवडप्रक्रियेत डावलला गेलेला यानी गूर्द मध्ये आणि हे दोघे बगलांवर, अशी तिसरी फळी बनली आणि २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे टॅम्पाने स्टॅन्ली कप, म्हणजे स्पर्धेचे विजेतेपद, जिंकला. त्यानंतर फळी फुटली. न्यू यॉर्क रेंजर्सनी गुड्रोला सहा वर्षांसाठी दरवर्षी सुमारे ३६ लाख डॉलरचा करार दिला. २०२३-२४ च्या नियमित हंगामात त्याचे ८० सामन्यांत ४ गोल झाले, आणि त्याच वर्षीच्या बाद फेरीत १६ सामन्यांत ६. वेतनमर्यादेत जागा करण्यासाठी रेंजर्सनी जून २०२४ मध्ये त्याला वेव्हर्सवर ठेवले, तेव्हा तो संपूर्ण करार अंगावर घेऊन त्याला उचलणारा संघ होता सॅन होजे.